अॅकरमनचं स्टिअरिंग नेमकं कोणाचं?

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘मोटारीच्या स्टिअरिंगचा शोध अॅकरमनने १८१८ साली लावला.’ सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘तेव्हा मोटार कुठे होती?’ त्या एका प्रश्नापायी माझं अख्खं प्रकरण बदललं.

आधी अडचण समजून घेऊ. चारचाकी घोडागाडी वळताना तिचा पुढचा अख्खा अॅक्सल मधल्या एका पिनवर फिरायचा. त्यासाठी गाडीखाली बरीच जागा लागे आणि जोरात वळलं तर गाडी कलंडण्याची भीती असे. म्युनिकमधल्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने तोड काढली: अॅक्सल स्थिर ठेवायचा आणि दोन्ही चाकं आपापल्या पिनवर वळवायची. लंडनमध्ये त्याच्या वतीने पेटंट घेतलं रुडॉल्फ अॅकरमनने. हा मुख्यतः चित्रांचा आणि पुस्तकांचा प्रकाशक! पण कागदावर त्याचं नाव, म्हणून पाठ्यपुस्तकातही त्याचंच. गंमत म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अशीच कल्पना त्याआधी काही दशकं मांडली होती.

मग ही युक्ती लगेच सगळीकडे का पसरली नाही? मला पटलेलं उत्तर असं: घोडागाडी वळवण्याचं काम घोडे करतात. लांब दांडीमुळे त्यांचा जोर सहज पुरतो. प्रश्न बोचतच नव्हता, तर उत्तर विकत कोण घेणार?

इंजिन आलं आणि घोडा गेला. आता एका चाकाला दगड लागला की अख्खा अॅक्सल फिरू पाहणार आणि तो हिसका थेट चालकाच्या हातात येणार. डाइमलरच्या १८८६च्या चारचाकी गाडीत फिरता अॅक्सलच होता. कार्ल बेंझने तर चार चाकांचं स्टिअरिंग मनासारखं जमेना म्हणून पहिली गाडी तीन चाकांचीच केली. खरं तर फ्रान्समध्ये आमेदे बोलेच्या १८७३च्या वाफेच्या गाडीत चाकं वेगवेगळ्या पिनवर वळत होती. १८७८च्या सुमारास शार्ल जाँतो यांनी आणखी एक सुधारणा सुचवली. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवं. त्यासाठी स्टिअरिंगचे आखूड दांडे किंचित तिरपे बसवायचे. त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या अॅक्सलच्या मध्याजवळ मिळतात. बेंझने आपल्या रचनेचं पेटंट १८९३ साली घेतलं आणि त्याच वर्षी त्याची चारचाकी ‘व्हिक्टोरिया’ आली. हातातला दांडा जाऊन गोल चाक यायला मात्र अजून वेळ होता. १८९४च्या पॅरिस–रूआँ शर्यतीत वाशराँच्या पानार गाडीला ते होतं, आणि हे त्याचं अगदी सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं.

म्हणून मित्रांनो, ‘शोध लावला’ असं लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. कल्पना कोणाची? कागदावर नाव कोणाचं? आणि तिची गरज कोणाला, कधी पडली? माझ्या बाबतीत तिन्ही उत्तरं वेगळी निघाली, आणि त्यांच्यातलं अंतर हाच आता माझ्या प्रकरणाचा विषय आहे.