यंत्राचा उच्छ्वास

श्वासाची चिंता सर्वांसच असते. उच्छ्वासाची आठवण मात्र तो कोंडला म्हणजेच होते. यंत्रांचीही गोष्ट अशीच आहे. मोटारीच्या इंजिनांत हवा व पेट्रोल अधिक कसें जाईल याचा विचार पुष्कळांनीं केला. परंतु जळून उरलेला धूर लवकर बाहेर कसा पडेल, या प्रश्नास सर्वसाधारण गाड्या बनविणाऱ्या कारखानदारांनीं दुय्यम स्थान दिलें. हें अपुरें राहिलेलें काम अमेरिकेंतील, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियांतील, हौशी तरुणांनीं आपल्या घरच्या गॅरेजांत, हातीं पाना घेऊन, पुरें करण्याचा प्रयत्न केला. सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा बिडाचा ओतीव नळ, ज्यास मॅनिफोल्ड म्हणतात, तो काढून त्याच्या जागीं पोलादी नळ्यांचा ‘हेडर’ बसविण्याची ही कला. तिचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

इ. स. १८७६ मध्यें जर्मनींत निकोलाउस ओट्टो यानें चार टप्प्यांनीं चालणारें इंजिन सिद्ध केलें. पहिल्या टप्प्यांत पिस्टन खालीं येऊन हवा व इंधन आंत ओढतो. दुसऱ्यांत वर जाऊन तें मिश्रण दाबतो. तिसऱ्यांत मिश्रण पेटून त्याचा जोर पिस्टनास खालीं लोटतो. आणि चौथ्यांत तो पुन्हां वर येऊन जळका धूर बाहेर घालवितो. चौथें काम वरवर पाहतां केर टाकण्याचें. परंतु जितका धूर आंत तुंबून राहील तितकी पुढील खेपेच्या ताज्या मिश्रणास जागा कमी, आणि तो बाहेर ढकलण्यांत पिस्टनाचें बळही व्यर्थ खर्चीं पडावयाचें.

आठ सिलिंडरांचें व्ही आकाराचें इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यांत आलें तें १९३२ सालीं, हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून. तें २२१ घनइंचांचें व ६५ अश्वशक्तींचें होतें. त्यांतील धुराचे मार्ग इंजिनाच्या पोटांतूनच वाट काढीत बाहेर येत. आणि दर बाजूस सिलिंडर चार असले तरी धुराचीं दारें तीनच, कारण मधल्या दोघांस एकाच दारावर भागवावें लागे. इंजिन फार तापतें, अशी तक्रार होई ती यामुळेंच. तरी या जुन्या गाड्या स्वस्त मिळत. तरुणांनीं त्या घेतल्या, मडगार्ड उतरविले, आणि मोहावी वाळवंटांतील म्युरॉक व एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर ते वेगाच्या चढाओढी करूं लागले. त्यांस शिस्त लावण्यासाठीं १९३७ सालीं सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था निघाली. घड्याळ हातीं घेतल्यावर प्रत्येक अडथळा डोळ्यांत सलूं लागतो. म्हणून नळ्या वांकवून, सांधून धुरास मोकळी वाट करण्याची विद्या या मंडळींत वाढीस लागली. १९४८ च्या जानेवारींत ‘हॉट रॉड’ हें मासिक निघालें, आणि १९५४ सालीं बॉब हेडमन यानें हेडर बनविण्याचा धंदाच सुरू केला.

हेडरानें नेमकें काय साधतें, हें शेव्हरोले कंपनीनें १९५५ सालीं काढलेल्या इंजिनावरून चांगलें समजतें. त्याचे सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमानें पेटतात. विषम अंकांचे एका बाजूस व सम अंकांचे दुसऱ्या बाजूस आहेत. क्रम नीट पाहिला तर ८ च्या मागोमाग ४ आणि ५ च्या मागोमाग ७ पेटतो. पैकीं ५ व ७ हे तर अगदीं शेजारी. पांचव्याचा धूर पुरता बाहेर पडला नाहीं तोंच सातव्याचा लोट त्या एकाच आंखूड नळांत त्यास आडवा येतो. हेडरांत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र नळी असते व चारी नळ्या कांहीं अंतर चालून एकत्र मिळतात. शिवाय भरधाव आगगाडी जशी रुळांकडेचा पाचोळा आपल्यामागें ओढून नेते, तसा नळींतून वेगानें निघालेला लोट मागें राहिलेल्या धुरास ओढून घेतो. मात्र हा लाभ नळीच्या लांबी-रुंदीनें ठरलेल्या वेगासच पुरता मिळतो. जाड नळी घातली कीं शक्ति वाढली, असें नाहीं.

१९६४ सालीं जनरल मोटर्सच्या पाँटिॲक शाखेनें मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें इंजिन घालून जी. टी. ओ. काढली. अशा गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये, असा कंपनीचाच नियम होता; जॉन डिलोरियन व त्याचे सहकारी यांनीं हें इंजिन ‘मागणीनुसार जोड’ म्हणून देऊन तो चुकविला. येथून ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंच्या गाड्या, यांचें युग भरास आलें. १९६७ च्या कॅमारोंत शेव्हरोलेचें ३५० घनइंचांचें इंजिन आलें. इतकें होऊनही बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्ड बिडाचाच राहिला. तो स्वस्त, टिकाऊ, आवाज दाबणारा व थोड्या जागेंत बसणारा. कारखान्याचा हिशेब खोटा नव्हता. तो सर्व गिऱ्हाइकांचा सरासरी हिशेब होता.

ज्यास तो पटला नाहीं, त्यानें सुटीचे दोन दिवस मोडून हेडर घरींच बसवावा. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां भक्कम आधारांवर उभी करावयाची, बॅटरीची तार सोडावयाची, आणि गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रींच पातळ तेल सोडून ठेवावयाचें. वर्षानुवर्षें तापून-निवून बोल्ट बिडांत घट्ट रुतलेले असतात. घाई केली तर डोकें हातांत येतें व उरलेला तुकडा आंतच राहतो. जागा करण्यासाठीं स्पार्क प्लग, प्रसंगीं स्टार्टरही उतरवावा लागतो. कधीं इंजिनाचे आधार सैल करून तें बोटभर उचलावें लागतें. मग नवें गॅस्केट घालून सर्व बोल्ट प्रथम हातानेंच फिरवावयाचे, आणि मधल्यापासून कडेकडे थोडेथोडे आवळीत जावयाचें. इंजिन एकदां तापून निवालें कीं ते पुन्हां आवळावयाचे. हें विसरणाऱ्यास गॅस्केटांतून निघणारी टकटक लवकरच त्याची आठवण देते. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात, हें शाळेंत पाठ केलेल्या कित्येकांस त्या वाक्याचा अर्थ मोटारीखालीं उताणें निजल्यावरच कळतो.

परंतु या कथेस दुसरी बाजू आहे. ज्या लॉस एंजलिसच्या परिसरांत ही विद्या वाढली, त्याच शहरावर १९४३ च्या जुलैंत धुराचें इतकें दाट पटल आलें कीं, शत्रूनें विषारी वायु सोडला अशी लोकांस शंका आली. पुढें १९५० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं दाखविलें कीं, मोटारी व तेलाचे कारखाने यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडून हें डोळे चुरचुरविणारें धुकें बनतें. कॅलिफोर्नियानें १९६६ च्या नव्या गाड्यांच्या धुरास मर्यादा घातली. ती पाळण्यासाठीं अनेक गाड्यांत हवेचा पंप आला. धूर बाहेर पडतो त्या दारांशींच ताजी हवा फुंकून तो अर्धवट जळलेलें इंधन जाळी. हेडर बसवितांना पुष्कळांनीं हा पंप काढून टाकला, कारण अनेक हेडरांस त्याच्या नळ्यांसाठीं भोकेंच नसत. शर्यतींत जो अडथळा, तोच शहरांत शेजाऱ्यांचा रक्षक होता.

मग कायदा कडक होत गेला. १९७० सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९७५ च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. आणि १९९० च्या दुरुस्तीनें अशीं साधनें काढून टाकण्याची बंदी घरीं काम करणाऱ्या मालकासही लागू झाली. कॅलिफोर्नियांत आतां परीक्षेस उतरलेल्या हेडरास सरकारी क्रमांक मिळतो. १९७५ पर्यंतच्या पेट्रोलच्या गाड्यांस मात्र नियतकालिक धूरतपासणी माफ आहे.

कोरड्या सरोवरावर यंत्राचा उच्छ्वास वाऱ्यावर विरून जाई, म्हणून तो ज्याचा त्याचा प्रश्न होता. भरवस्तींत एकाच्या यंत्राचा उच्छ्वास तो दुसऱ्याच्या मुलाचा श्वास होतो. यंत्र स्वतःच्या हातांनीं उघडून पाहण्याची जिज्ञासा मोलाची आहे, आणि कायद्यानें ती मारूं नये. परंतु नळीच्या दुसऱ्या टोकाशीं कोण उभें आहे, हेंही त्या हातांनीं विसरूं नये.