सुपरमोटोची कुळकथा आणि बालाघाटची वाट

वाहनाचा इतिहास हा वस्तुतः वाटेचाच इतिहास होय. जशी वाट तसे वाहन, हा नियम फार जुना आहे. कोकणच्या खाड्यांनी होडी घडविली, मारवाडच्या वाळूने उंट पोसला, आणि दख्खनच्या दगडाळ पठाराने भीमथडीचे चिवट तट्टू जोपासले. यंत्रयुगाने हा नियम मोडीत काढला असे पुष्कळांस वाटते. गाडी कारखान्यात तयार होते, जाहिरातीच्या बळावर खपते. तेथे वाटेला विचारतो कोण? परंतु किंचित खोल जाऊन पाहिले असता यंत्रेही कोणत्या तरी वाटेच्याच पोटी जन्म घेतात असे दिसून येते, आणि ती परक्या वाटेवर आणली म्हणजे त्याचे मोल मालकास भरावे लागते. सुपरमोटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारसायकलीचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. धाराशिव जिल्ह्यातील ज्या तरुणांच्या मनात या वाहनाने घर केले आहे त्यांच्यासाठी, आणि त्याहूनही अधिक, रात्री उशिरापर्यंत दाराकडे कान लावून बसणाऱ्या त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी, ही कुळकथा येथे सांगावयाची आहे.

प्रथम हे वाहन आहे तरी कसे ते पाहू. माळरानातील व चिखलातील शर्यतींकरिता जी मोटारसायकल केलेली असते ती अंगाने हलकी व उंच असते. तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे असून चाके खड्ड्यांतून पुष्कळ वरखाली होऊ शकतात, आणि पुढचे चाक २१ इंचांचे, खोल खाचांच्या टायरचे असते. मोठे चाक धोंड्यावर आदळत नाही, चढून जाते. या गाडीची ही चाके काढून तेथे १७ इंचांची रुंद चाके व डांबराला घट्ट धरणारे टायर बसवावे, पुढच्या ब्रेकची तबकडी मोठी करावी, की झाली सुपरमोटो. अंग मातीचे आणि पाय डांबराचे, असा हा संकर आहे. लहान चाकामुळे ती वळणात चटकन वळते, हलकेपणामुळे चटकन थांबते, आणि पटाईत स्वार वळणात शिरताना तिचे मागचे चाक मुद्दाम घसरवीत नेतो. पाहणाऱ्याला हा अपघात वाटतो. करणाऱ्याच्या लेखी ती कला असते.

हा संकर कोणी व कशासाठी केला? १९७९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांती कार्ल्सबाड येथे एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीसाठी एक अभिनव शर्यत भरविण्यात आली. तिचे नाव ‘सुपरबायकर्स’, आणि तिचे प्रमुख कल्पक गॅव्हिन ट्रिप. त्या काळी मोटारसायकलच्या शर्यतींत डांबरी वर्तुळावरचे, मातीच्या सपाट रिंगणातले आणि डोंगरउतारावरचे असे निरनिराळे पंथ होते, व प्रत्येक पंथातील वीर स्वतःलाच श्रेष्ठ मानीत असे. या सर्वांना एकाच मैदानात उतरवून खरा अष्टपैलू स्वार कोण ते ठरवावे, असा हा घाट होता. म्हणून शर्यतीची वाटच मुद्दाम मिश्र केली. तिचा काही भाग डांबराचा व काही भाग मातीचा ठेवला. पहिल्या वर्षी जिंकला तो केंट हॉवर्टन, मूळचा मातीवरचाच स्वार. अशा वाटेवर कोणतीच तयार गाडी धड चालेना, तेव्हा स्पर्धकांनी आपापल्या परीने जोडकाम केले आणि त्या जोडकामातून नवी जात निपजली. म्हणजे वाट आधी झाली व वाहन मागाहून आले, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेत ही शर्यत १९८५ नंतर बंद पडली. परंतु तिचे बीज युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, चांगले रुजले. २००२ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा दिला. तत्पूर्वीच हे वाहन रिंगण सोडून रहदारीच्या सडकेवर आले होते, आणि तेथेच आपल्या महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध जुळतो. ऑस्ट्रियातील माटिगहोफेन या लहानशा गावची केटीएम कंपनी मातीवरच्या गाड्यांबद्दल प्रसिद्ध होती. १९९१ च्या अखेरीस तिचे दिवाळे वाजले. नव्या मालकीखाली ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा १९९४ साली तिने ‘ड्यूक’ नावाची सडकेवरची गाडी काढली. ही ड्यूक म्हणजे मातीवरच्या एकसिलिंडरी गाडीस सडकेची चाके लावून केलेली सुपरमोटोच होती. पुढे २००७ साली पुण्याच्या बजाज ऑटोने या कंपनीत भांडवल गुंतविले, चाकणच्या कारखान्यात लहान ड्यूक तयार होऊ लागल्या, आणि २०१२ च्या जानेवारीत २०० ड्यूक भारतीय बाजारात आली. ही धाकटी ड्यूक काटेकोरपणे पाहिल्यास सुपरमोटो नव्हे. पण तिच्या हलक्या अंगात, रुंद हँडलात आणि अधीर स्वभावात आजीचे वळण उतरले आहे. काळाची गंमत अशी की २०२४ साली केटीएमचे पुन्हा दिवाळे निघाले, तेव्हा तिला तारून तिची सूत्रे हाती घेतली ती बजाजनेच. कार्ल्सबाडच्या रिंगणातले रक्त आज ‘एमएच २५’ अशी पाटी मिरवीत तुळजापूरच्या घाटातून धावते आहे ते या मार्गाने.

आता ज्या वाटेवर ते धावते तिचा इतिहास पाहू. धाराशिव जिल्ह्याची वाट ही मिश्रपणात कार्ल्सबाडला हार जाणारी नाही. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात तगरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असल्याचे सांगितले आहे, आणि तेही जेथे धड रस्ता नाही अशा विस्तीर्ण मुलखातून, असे त्याने आवर्जून नोंदविले आहे. पुढे १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा वारस गादीवर बसवून परांड्यास राजधानी नेली. हलक्या घोडदळाने जड मोगली फौजेस जेरीस आणण्याची जी युक्ती त्याने चालविली, तिच्यात मराठे शिलेदार व बारगीर मोठ्या संख्येने होते. हलके वाहन व चपळ स्वार यांचे महत्त्व या मुलखास नव्याने शिकावयाचे नाही. परंतु त्या घोडेस्वाराची खरी ताकद त्याच्या वेगाइतकीच त्याच्या वाटेच्या ज्ञानात होती. कोणता ओढा कोणत्या महिन्यात उतरू देतो आणि कोणती काळी माती पावसात टाप गिळते, हे तो जाणत असे, आणि जेथे जाणत नसे तेथे लगाम खेचीत असे.

बांधीव सडका या भागात उशिरा आल्या. १८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे गेला, तेव्हा तेथील कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने सडका व तलाव यांच्या कामात लक्ष घातले. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी येडशीवरून १९११ साली लातूरला पोचली. पण खुद्द धाराशिव शहरास आगगाडीचे दर्शन झाले ते थेट एकविसाव्या शतकात, मार्ग रुंद झाला तेव्हा. निजामाच्या राज्यात सरकारी बसगाड्या १९३२ साली सुरू झाल्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा सोलापूरकडून हैद्राबाद संस्थानात शिरल्या त्या याच सडकेने, आणि नळदुर्गजवळ बोरी नदीवरील पूल सुखरूप हाती आला म्हणून त्यांची पुढची वाटचाल सुलभ झाली. एका पुलावर राज्याचे भवितव्य अवलंबून असावे, इतक्या या मुलखातील पक्क्या वाटा विरळ होत्या.

अशा मुलखात मोटारसायकल आली ती हौस म्हणून आली नाही. जेथे रेल्वे नाही आणि बस दिवसातून एकदोनदा, तेथे राजदूतने दुधाच्या कॅन वाहिल्या, आणि १९८५ नंतर हीरो होंडाने थोड्या पेट्रोलवर मास्तरांस शाळेत, तलाठ्यास सज्जावर व शेतकऱ्यास बाजारात पोचविले. मागे पत्नी, पुढे टाकीवर मूल आणि बाजूला पिशवी, अशा रूपाने ती घरातले एक गुणी जनावर होऊन राहिली. सुपरमोटो या संसारात बसत नाही. तिची बैठक उंच व अरुंद, टाकी लहान, मागे बसणाऱ्याची सोय जेमतेम. ती एकट्याची गाडी आहे. मुलगा ती मागतो तेव्हा वडिलांस खर्चाहून अधिक बोचते ते बहुधा हेच. पण एकट्याने करावयाची हौस ही सर्वस्वी निंद्य मानण्याचे कारण नाही. कुस्ती हीदेखील एकट्याचीच असते, आणि तिच्यासाठी आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तालमी राखल्या.

खरी अडचण निराळी आहे. सोलापूर-धुळे आणि सोलापूर-हैद्राबाद हे दोन्ही महामार्ग या जिल्ह्यातून जातात, आणि चौपदरी झाल्यापासून त्यांवरून वाहने वाऱ्यासारखी जातात. परंतु महामार्गावरून गावाकडे वळले की पन्नास पावलांत डांबर संपून खडी लागते. पावसाळ्यात शेतातून आलेला ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर काळी माती सडकेवर आणून सोडतो, आणि ती भिजली म्हणजे साबणासारखी होते. सोयाबीनची रास झाली की सडकच खळे बनते. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रेलर मागील दिव्यांवाचून अंधारात चाललेल्या असतात. मातीचे अंग व डांबराचे पाय असलेल्या वाहनास ही वाट साजेशी आहे असे कोणी म्हणेल. येथेच एक सूक्ष्म भेद आहे. शर्यतीच्या रिंगणात डांबर कोठे संपते व माती कोठे सुरू होते हे स्वारास आधीच ठाऊक असते. तो तेच वळण पुन्हा पुन्हा घेत असतो आणि समोरून कोणी येत नसते. आपल्या सडकेवर ही सीमा रोज सरकते. काल स्वच्छ असलेल्या वळणावर आज खडी असते. शिवाय डांबरासाठी केलेला गुळगुळीत टायर आणि लहान चाक ही दोन्ही खडीवर व चिखलात दगा देतात. २१ इंचांचे चाक काढून टाकताना स्वाराने मातीवरचा आपला आधारच काढून टाकलेला असतो.

कायद्याची बाजूही विचारात घेतली पाहिजे. या जातीची परवडणारी तयार गाडी भारतात फार काळ मिळत नव्हती, म्हणून २०१९ साली आलेल्या हीरो एक्सपल्ससारख्या मातीवरच्या गाड्यांची चाके बदलून घरगुती सुपरमोटो बनविण्याचा नाद काही हौशी मंडळींस लागला. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपात असा फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. अपघात झाल्यास असा फेरफार विम्याच्या दाव्यातही अडथळा ठरू शकतो. जोडकामातूनच जन्मलेल्या वाहनास जोडकाम निषिद्ध व्हावे हा विरोधाभास खरा. तथापि कार्ल्सबाडचे जोडकाम रिंगणात राहिले होते, आणि येथे त्याच सडकेवर शाळेतून परतणारी मुले असतात, हे विसरून चालणार नाही.

मग या तरुणांनी काय करावे? सुपरमोटोने शिकविलेली विद्या टाकाऊ नाही. ब्रेक किती दाबावा, चाक घसरू लागले असता हात कसे ढिले ठेवावे, नजर खड्ड्यावर न ठेवता खड्ड्यापलीकडे कशी ठेवावी, हे ज्ञान दुधाच्या कॅन नेणाऱ्यासही उपयोगी आहे. मात्र विद्येस तालीम लागते. मल्ल बाजारपेठेत डाव टाकीत नाही. तो मऊ मातीच्या हौद्यात शतवार पडतो, आणि म्हणून जत्रेच्या फडात उभा राहतो. एखादे बंदिस्त मैदान, जाणता शिक्षक, डोक्यास शिरस्त्राण व अंगास जाड पोशाख एवढी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, तर जी हौस आज घाटाच्या वळणावर जीव धोक्यात घालते तीच उद्या शिस्त होऊन बसेल. कुस्तीच्या फडास वर्गणी देणाऱ्या गावास व कारखान्यास हे अशक्य नाही. वडिलांनीही नुसता नकार देऊन थांबू नये. नकाराने हौस मरत नाही, ती मित्राची गाडी मागून घेते.

दर वर्षी कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारी सडक वाहनांस बंद होते आणि लक्षावधी भाविक तिच्यावरून पायी, पुष्कळसे अनवाणी, भवानीच्या दर्शनास चालत जातात. वर्षातील उरलेल्या दिवशीही ही सडक त्यांची असतेच. फक्त तेव्हा ते थोडे असतात आणि कडेने चालतात. तगरच्या गाडीवानापासून आजच्या सुपरमोटोपर्यंत या वाटेने सर्वांना वाव दिला आहे. तिच्यावर वेगाने जाण्याची हौस ज्याला आहे त्याने, कडेने चालणाऱ्याला आपल्या येण्याने दचकावे लागणार नाही, एवढे कौशल्य आधी कमवावे.