सशांपासून चाकणपर्यंत

एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी आईला अ‍ॅडॅलिमुमॅबचं इंजेक्शन द्यायचं असतं. तिला आमवात आहे. मी हिंजवडीत कोड लिहिणारा माणूस, जीवशास्त्राशी संबंध बारावीतच संपला. पण हे औषध आपल्या चाकणलाही, एन्झीन बायोसायन्सेसमध्ये, बनतं असं कळलं आणि त्याचा इतिहास शोधायला लागलो. पोचलो कुठे, तर घोड्यांच्या रोगापाशी!

१८८० साली डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्सला सर्रा झालेल्या घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारे परजीवी दिसले. पुढे १८८९ मध्ये पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आपलं सीओईपी हो!) सरकारी जीवाणू प्रयोगशाळा निघाली. तिथे आल्फ्रेड लिंगार्डने सर्राचा अभ्यास केला. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली.

सर्राचं कोडं असं, की घोडा चारा नीट खातो आणि तरी वाळत जातो. पाठीचे, मांड्यांचे स्नायू झडतात, मागचे पाय लटपटतात. परजीवी तर रक्तात, मग स्नायू कोण खातंय?

उत्तराचा धागा सापडला १९८० मध्ये, न्यूयॉर्कला. कॅरोल राउझर आणि अँथनी सेरामी यांनी सर्राच्या आफ्रिकन भावकीतल्या परजीवीची लागण सशांना केली. ससे खंगले, पण रक्तात परजीवी अगदी थोडे, आणि चरबी मात्र भरपूर. म्हणजे नासधूस परजीवी करत नव्हते, शरीराचा स्वतःचाच प्रतिकार करत होता. आमच्या भाषेत, व्हायरसपेक्षा अँटीव्हायरसनंच मशीन बसवलं होतं.

या खंगवणाऱ्या प्रथिनाला सेरामींनी नाव दिलं कॅचेक्टिन. १९८५ मध्ये त्यांनी आणि ब्रूस बॉयटलर यांनी दाखवलं, की कॅचेक्टिन आणि गाठी मारणारं म्हणून माहीत असलेलं टीएनएफ एकच आहे. १९८८ मध्ये उंदरांना ते थोडं थोडं देत राहिल्यावर त्यांच्या शरीरातली प्रथिनं घटली. प्रथिनांचा सर्वांत मोठा साठा स्नायूंतच असतो.

आईच्या सांध्यांत आग लावणारं तेच टीएनएफ. इंजेक्शन त्यालाच धरून ठेवतं. पण ते शत्रूशी लढतंही, म्हणून औषध सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावी लागली. तेव्हा मी वैतागलो होतो. आता कारण कळलं.

काल आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या सशांचं काय झालं रे पुढे?"

मला उत्तर देता आलं नाही. असो. पुढचं इंजेक्शन बावीस तारखेला.