बाळासाहेब ठाकरे : आंबेडकरी समाजाच्या नजरेतून

बाळ केशव ठाकरे (१९२६–२०१२) हे शिवसेनेचे संस्थापक. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सेनेने स्थानिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांपुढे ती मागणी आजही होते. तिच्यात आपली मुलेही असतात. पण १९७४ ची वरळी दंगल, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध आणि बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’विरुद्धचे आंदोलन आम्ही विसरलेलो नाही. भीमसैनिकांच्या बलिदानानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. २०११ मध्ये रामदास आठवले यांच्यासोबत ‘शिवशक्ती-भीमशक्ती’ युती झाली. जुन्या भूमिकांचा हिशेब मात्र राहूनच गेला. नोकरीच्या मागणीचे श्रेय आम्ही त्यांना देतो, नामांतरविरोधाची जबाबदारीही त्यांचीच मानतो.