वाशिष्ठीचं पाणी

आमची वाशिष्ठी लांबीला शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरायचं, चिपळूण ओलांडायचं, खेडकडून येणारी जगबुडी पोटात घ्यायची आणि दाभोळला समुद्र गाठायचा. घाटमाथ्यावरच्या नद्या बंगालच्या उपसागरापर्यंत रमतगमत जातात. कोकणातल्या नदीला तेवढी सवड नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही मृगापासून हस्तापर्यंत. कड्यावर कोसळला की काही तासांत चिपळुणात.

आणि खालून भरती. खाडीचं पाणी गोवळकोटपर्यंत चढतं. याच भरतीवर पूर्वी गलबतं गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. दाभोळ तर बहामनी काळातलं नावाजलेलं बंदर, अरबस्तानातले घोडे तिथे उतरत. खाडीकाठच्या माणसाने खारबांध घातले, उघाड्या ठेवल्या. ओहोटीला पाणी सोडायचं, भरतीला दार बंद, आत भात. मला विचाराल तर किल्ल्यांइतकाच हा इतिहास मोठा, फक्त त्याला बुरूज नाहीत.

मग कोयना आली. कोयना खरी कृष्णेची लेक, महाबळेश्वरला उगवून कऱ्हाडला आईला मिळणारी. धरण बांधून तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं, साडेचारशे मीटरहून खोल पाडलं आणि पोफळीला 1962 साली वीज सुरू झाली. कृष्णा लवादाने पश्चिमेला 67.5 टीएमसीची मुभा दिली. वीज करून झाली की हे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत. म्हणजे आंध्रात जायचं पाणी दाभोळला जातं! उन्हाळ्यात डोहापुरती उरणारी नदी त्यानंतर बारमाही वाहू लागली.

पण पात्र तेवढंच राहिलं. उलट जंगलं तुटली, डोंगराची माती गाळ होऊन खाली बसली, काठावर भराव पडले. आमच्याकडे पुनर्वसूला तरणा पाऊस म्हणतात, पुष्याला म्हातारा. 22 जुलै 2021 ला म्हातारा लागलेला, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून लोंढा, खालून समुद्र, मधे चिपळूण. बाजारपेठेत पहिला मजला बुडाला, माणसं कौलांवर चढली. 2005 च्या जुलैतही पूर आला होताच, पण हा त्याच्याही वरचा. नंतर गाळ उपसायला यंत्रं उतरली, आणि कोयनेच्या पाण्यावरून वाद पेटला तो अजून विझलेला नाही. धरणवाले पावसाकडे बोट दाखवतात, गाववाले धरणाकडे.

गंमत म्हणा की काय, याच खोऱ्यातल्या डोंगरावरच्या धनगरवाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. बाया हंडे घेऊन उतरणीला बसतात. खाली कोयनेचं पाणी खाडीकडे चाललेलं वरून स्वच्छ दिसतं.