दर्यावरचा दिवस

आपल्या अंबरनाथला नौदलासाठी धातू, रबर, रंग यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागीच वसले. तरी लढाईच्या दिवसांत जहाजावरचा माणूस दिवस कसा काढतो, हे आपणा भगिनींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून १९७१ च्या युद्धातील हकिगत सांगते.

मनोहर आवटी हे मराठी अधिकारी तेव्हा 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान होते. मुंबईच्या 'डफरिन' या शिक्षण-जहाजावर ते तयार झालेले. पूर्व पाकिस्तानची बंदरे रोखून धरणाऱ्या 'विक्रांत'च्या ताफ्याबरोबर 'कामोर्टा' बंगालच्या उपसागरात फिरत होती. शत्रूच्या पाणबुडीचा माग काढणे हे तिचे मुख्य काम.

जहाजावर दिवस पाळ्यांनी मोजतात. पाळी चार तासांची, फक्त संध्याकाळी ४ ते ८ चे दोन तुकडे करतात. त्यामुळे सहाऐवजी सात पाळ्या होतात आणि मध्यरात्रीची पाळी रोज एकाच्याच माथी येत नाही. सणावाराच्या स्वयंपाकाची अशी वाटणी जावाजावांत असती, तर किती घरांतली भांडणे मिटली असती! कप्तानाला मात्र पाळीच नसते. म्हणजे साऱ्याच पाळ्या त्याच्या. अंगावरच्या कपड्यांनिशी पडायचे आणि हाक आली की उठायचे. तान्ह्या मुलाच्या आईला हे निराळे सांगायला नको.

चहूकडे पाणी, पण गोडे पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यातून काढायचे, म्हणून अंघोळही मोजून. नळाची वाट पाहणाऱ्या आपल्याला त्याचे मोल कळते. रात्री उजेडाची तिरीपही बाहेर जाता कामा नये. बिनतारी यंत्रावर ऐकायचे, पण आपण होऊन बोलायचे नाही, कारण बोलले की शत्रूला ठिकाण लागते. घरी निरोप पाठवणे दूरच.

हेच घरच्या बायकांना सर्वांत जड. ९ डिसेंबरच्या रात्री पश्चिमेकडे, दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही आपली नौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले. त्या रात्री दोन्ही किनाऱ्यांवर कितीतरी जणी मुलांना निजवून जाग्या असतील. सुखरूप जहाजाकडूनही शब्द येत नव्हता आणि बुडालेल्याकडूनही नाही. शौर्याची नोंद सरकार ठेवते, या जागरणांची कोण ठेवणार?

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. आवटींना वीरचक्र मिळाले. १९८३ साली ते निवृत्त झाले आणि पुढे समुद्रापासून चांगलेच दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी जाऊन राहिले. तेथेच २०१८ साली त्यांचे निधन झाले.