लोकपक्ष आणि लोकानुनय

हल्लीं वर्तमानपत्रांत ‘लोकानुनय’ हा शब्द वारंवार आढळतो. निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या सरकारनें कर माफ केला, अथवा एखाद्या पुढाऱ्यानें न पेलणारें आश्वासन दिलें, कीं त्यास लोकानुनय म्हणतात. इंग्रजींतील ‘पॉप्युलिझम’ या शब्दास मराठींत हाच प्रतिशब्द रूढ झाला आहे. परंतु अनुनय म्हणजे मनधरणी. मनधरणी करणारा निराळा आणि जिची करावयाची ती जनता निराळी. मूळचे पॉप्युलिस्ट मात्र कोणाचीहि मनधरणी करीत नव्हते. त्यांतील बहुतेक स्वतःच गांजलेले शेतकरी होते. ‘पॉप्युलस’ म्हणजे लोक, या लॅटिन शब्दावरून त्यांस हें नांव पडलें, तें अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत, १८९१ च्या सुमारास.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्यानंतरच्या तीस वर्षांत तेथील शेतमालाचे भाव एकंदरींत उतरतच गेले. १८९४ सालीं कापसाचा भाव पौंडास ५ सेंटांच्या आसपास आला. भाव उतरला, पण कर्ज उतरलें नाहीं. दक्षिणेकडील शेतकरी बी-बियाण्यापासून मीठ-पिठापर्यंत सारें दुकानदाराकडून उधार घेई व पुढचें पीक त्यास आधींच लिहून देई. पश्चिमेकडे जमिनी गहाण पडलेल्या असत आणि धान्य बाजारांत नेणारी आगगाडी बहुधा एकाच कंपनीची असल्यामुळें ती मागेल तें भाडें द्यावें लागे. शिवाय १८७३ च्या कायद्यानें चांदीचीं नाणीं खुलेपणें पाडणें बंद झालें होतें. चलन आंखडलें म्हणजे डॉलर महाग होतो; म्हणून शंभर डॉलरांचें कर्ज फेडण्यास घेतेवेळेपेक्षां कितीतरी अधिक गहू वा कापूस विकावा लागे.

प्रथम या शेतकऱ्यांनीं सहकारी खरेदी-विक्रीचा मार्ग धरला. तो भांडवलाअभावीं खुंटला, तेव्हां ते राजकारणांत उतरले. ४ जुलै १८९२ रोजीं ओमाहा शहरीं त्यांच्या ‘लोकपक्षा’चा जाहीरनामा संमत झाला. त्याची भाषा प्रखर होती. देश मूठभर धनवंत आणि कष्टकरी जनता यांत दुभंगला आहे, असें त्याचें म्हणणें होतें. मात्र मागण्या अगदीं नेमक्या होत्या. चांदीचीं नाणीं पुन्हां पाडावीं, उत्पन्नाबरोबर वाढणारा प्राप्तिकर बसवावा, आगगाड्या व तारायंत्रें सरकारनें चालवावीं, पोस्टांत बचत बँका उघडाव्या, आणि शेतकऱ्यास सालीना २ टक्क्यांहून अधिक न पडणाऱ्या दरानें सरकारी कर्ज मिळावें. त्या वर्षींच्या अध्यक्षीय निवडणुकींत पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांस १० लाखांहून अधिक मतें पडलीं.

पुढील वर्षीं या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोंचला. २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडीस बंद केल्या. चांदीचा भाव कोसळला आणि अमेरिकेंत चांदीचा प्रश्न अधिकच पेटला. १८९६ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें चांदीची मागणी उचलून विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांस उभें केलें. लोकपक्षानेंहि त्यांनाच आपला उमेदवार मानलें. ब्रायन पराभूत झाले, आणि त्या एका मागणीपायीं बाकीच्या मागण्या मागें सारणारा लोकपक्षहि लवकरच नामशेष झाला. मागण्या मात्र मेल्या नाहींत. १९११ सालीं पोस्टाच्या बचत बँका उघडल्या. १९१३ च्या घटनादुरुस्तीनें प्राप्तिकराचा मार्ग मोकळा झाला. ज्यांस वेडगळ म्हणून हिणवलें होतें, त्यांच्याच कांहीं सूचना पुढें कायद्यांत जाऊन बसल्या.

या चळवळीची दुसरी बाजू जॉर्जियाच्या टॉम वॉटसन यांच्या चरित्रांत दिसते. १८९२ च्या सुमारास गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांस ते सांगत कीं, तुम्हांस लुटणारा एकच आहे, म्हणून एकत्र या. त्या काळच्या दक्षिणेंत हें बोलणें मोठ्या धाडसाचें होतें. परंतु पराभवानंतर हेच वॉटसन काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याच्या बाजूस गेले, आणि पुढें आपल्या नियतकालिकांतून काळे, कॅथलिक व ज्यू यांच्याविरुद्ध विष ओकूं लागले. १९२० सालीं ते सेनेटवर निवडून आले. आरंभीं आणि अखेरीसहि ते लोकांच्याच नांवानें बोलत होते. फरक इतकाच कीं, मधल्या काळांत त्यांनीं ‘लोक’ या शब्दांतून कितीएक माणसें वगळून टाकलीं होतीं.

म्हणून कोणी जनतेच्या नांवानें बोलूं लागला, कीं त्यावर लोकानुनयाचा शिक्का मारून मोकळें होणें बरोबर नव्हे, आणि त्याच्यामागें डोळे मिटून जाणेंहि बरोबर नव्हे. तो नेमकें काय मागतो आणि ‘लोक’ म्हणतांना कोणास बाहेर ठेवतो, या दोन गोष्टी आधीं पाहाव्या लागतात. ओमाहाच्या शेतकऱ्यांची थोरवी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे, आणि वॉटसन यांचा अधःपात दुसऱ्याच्या.